नाकाची सौंदर्यशस्त्रक्रिया: साहित्य, सर्जन आणि नंतरचे महिने (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

नाक कसं दिसेल, हे सगळेच विचारतात. नाकात नेमकं काय बसवणार आणि ते कोण बसवणार, हे विचारणारे फार थोडे. खरं तर दहा वर्षांनी नाक कसं असेल ते याच दोन गोष्टींवर ठरतं, म्हणून इथे सर्वांत जास्त जागा त्यांनाच दिली आहे.

नाकाच्या ऑपरेशनमध्ये दरवेळी काही बसवावं लागतंच का?

इम्प्लांट, म्हणजे बाहेरून आणलेला कृत्रिम तुकडा, दरवेळी लागत नाही, पण आधार बहुतेक वेळा लागतो. दांड्यावरचा उंचवटा घासून कमी करायचा असेल तर बाहेरून काही आणायची गरज नसते. मात्र उंचवटा काढला की नाकाचा मधला भाग आत ओढला जाण्याची शक्यता असते. काही वर्षांत दांडा चिमटल्यासारखा दिसू लागतो आणि श्वास अडतो. ते टाळण्यासाठी दोन्ही बाजूंना कार्टिलेजच्या (कूर्चेच्या, म्हणजे कानात-नाकात असतं त्या लवचीक मऊ हाडाच्या) बारीक पट्ट्या बसवतात. त्या बहुधा पेशंटच्याच नाकाच्या पडद्यातून घेतलेल्या असतात.

बसकं नाक उंच करायचं असेल, शेंडा पुढे आणायचा असेल किंवा आधी बिघडलेलं ऑपरेशन सुधारायचं असेल, तर साहित्य लागणारच. आणि ते कोणतं, हा प्रश्न तिथे सुरू होतो.

स्वतःच्या शरीरातलं कार्टिलेज कुठून घेतात?

तीन ठिकाणांहून. पहिली पसंती नाकाच्या पडद्याला. ते सरळ, ताठ आणि त्याच जखमेतून मिळणारं असतं, वेगळा व्रण पडत नाही. पडदा वाकडा असेल तर तो सरळ करताना निघालेला तुकडाच कामी येतो. अडचण एकच: सगळा पडदा काढता येत नाही. वरच्या आणि पुढच्या कडेला साधारण १ सेंटीमीटर रुंदीची चौकट ठेवावीच लागते, नाहीतर नाक खचतं. छोट्या पडद्यातून किंवा आधी ऑपरेशन झालेल्या पडद्यातून पुरेसं कार्टिलेज मिळत नाही.

दुसरं ठिकाण कान. कानाच्या वाटीतलं कार्टिलेज मऊ आणि वळणदार असतं. शेंड्याला गोलाई द्यायला किंवा नाकपुडीची कड सावरायला ते उत्तम. कानामागून छेद घेतला तर व्रण दिसत नाही, आणि बाहेरची घडी जपली तर कानाचा आकारही बदलत नाही. पण जिथे भार पेलायचा आहे तिथे ते कमी पडतं.

तिसरं बरगडीचं. मुबलक आणि मजबूत. दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा होणाऱ्या ऑपरेशनमध्ये, किंवा दांडा बराच उंच करायचा असेल तेव्हा, याला पर्याय क्वचितच असतो. त्याची किंमत मोजावी लागते ती छातीवरच्या काही सेंटीमीटर लांबीच्या व्रणाने (स्त्रियांमध्ये तो स्तनाखालच्या घडीत लपवतात) आणि आठवडा-दोन आठवडे खोकताना, खोल श्वास घेताना होणाऱ्या दुखण्याने. फुप्फुसाच्या आवरणाला छिद्र पडण्याचा धोकाही असतो. तो कमी असला तरी संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी सर्जनने तो स्वतःच्या तोंडाने सांगायला हवा. वय वाढतं तसं या कार्टिलेजमध्ये कॅल्शियम साचतं आणि ते कोरायला कठीण होतं. त्यामुळे वयाने मोठ्या पेशंटमध्ये आधी स्कॅन करून पाहतात.

बरगडीचं कार्टिलेज नंतर वाकतं, हे खरं का?

वाकू शकतं. कार्टिलेजच्या बाहेरच्या थरात आणि गाभ्यात वेगवेगळा ताण असतो. एका बाजूचा थर कापला की तुकडा दुसऱ्या बाजूला वळतो. १९५८ मध्ये गिब्सन आणि डेव्हिस यांनी याची मांडणी केली आणि दोन्ही बाजूंनी सारखं कोरून गाभ्याचा भाग वापरावा, हे सुचवलं. आजही सर्जन त्याच तत्त्वावर काम करतात.

ऑपरेशन थिएटरमध्ये हे डोळ्यांनी दिसतं. काढलेल्या पांढरट तुकड्याच्या पट्ट्या कापून त्या सलाइनच्या वाटीत टाकून ठेवतात आणि सर्जन तोवर नाकाचं दुसरं काम करत राहतात. वीस-तीस मिनिटांनी वाटीत पाहिलं की काही पट्ट्या सरळ असतात, काही धनुष्यासारख्या वळलेल्या. सरळ राहिलेल्या दांड्याला जातात, वळलेल्या वळण हवं तिथे किंवा बारीक चुऱ्यासाठी. हा धीर धरणारा सर्जन मिळणं महत्त्वाचं. पट्टी कापली आणि लगेच बसवली, तर ती वाकायची असेल ती नाकात बसल्यावर वाकते.

दुसरा मार्ग म्हणजे कार्टिलेजचे अगदी बारीक तुकडे करून ते कानशिलावरच्या स्नायूच्या पातळ आवरणात गुंडाळून दांड्यावर बसवणं. अखंड पट्टी नसल्यामुळे वाकण्याचा प्रश्न येत नाही. त्यातला काही भाग विरघळू शकतो, आणि किती विरघळेल ते आधी नेमकं सांगता येत नाही.

सिलिकॉन इम्प्लांट वाईट असतं का?

सरसकट वाईट म्हणणं चुकीचं ठरेल. पूर्व आशियात दांडा उंच करण्यासाठी ते अनेक दशकं वापरलं जात आहे आणि बऱ्याच जणांचं नाक वर्षानुवर्षं ठीक राहतं. आकार तयार मिळतो, ऑपरेशन लवकर उरकतं, शरीरात दुसरीकडे छेद लागत नाही, आणि काढायची वेळ आली तर ते सहज निघतं.

सहज निघण्याचं कारण हेच त्याच्या उणिवेचंही कारण आहे. पृष्ठभाग गुळगुळीत असल्यामुळे शरीर त्याला आपलंसं करत नाही, भोवती फक्त एक पिशवी तयार करतं. त्यामुळे ते हलू शकतं, तिरकं होऊ शकतं. त्वचा पातळ असेल तर उन्हात कडा दिसतात. सर्वांत मोठी भीती शेंड्याची. इंग्रजी ‘एल’ अक्षराच्या आकाराचं इम्प्लांट शेंड्याच्या त्वचेवर आतून सतत दाब देतं. त्वचा हळूहळू पातळ होते, लालसर, चमकदार दिसू लागते, आणि एखाद्या दिवशी इम्प्लांट बाहेर डोकावतं. हे पहिल्या वर्षातही घडतं आणि फार उशिराही. म्हणून अनेक सर्जन सिलिकॉन फक्त दांड्यापुरतं ठेवतात आणि शेंडा कानाच्या किंवा पडद्याच्या कार्टिलेजने घडवतात.

माझं स्पष्ट मत: शेंड्यात सिलिकॉन बसवून घेऊ नका. दांड्यावर बसवायचं असेल तर त्वचा पुरेशी जाड आहे ना, हे आधी तपासून घ्या.

गोर-टेक्स आणि मेडपोर ही नावं ऐकतो. ती सिलिकॉनपेक्षा चांगली का?

दोन्ही सच्छिद्र आहेत. गोर-टेक्स, म्हणजे टेफ्लॉनच्या जातीचं साहित्य, याची छिद्रं लहान, साधारण १० ते ३० मायक्रॉनची. मेडपोर, म्हणजे सच्छिद्र पॉलिएथिलीन, याची १०० मायक्रॉनहून मोठी. छिद्रांत ऊतक शिरतं, त्यामुळे ते जागचं हलत नाही. पण जंतूही शिरतात, आणि एकदा आत ठाण मांडून बसले की नुसत्या अँटिबायोटिकने जात नाहीत. मग इम्प्लांट काढावं लागतं. मेडपोर काढताना त्यात रुतलेलं ऊतक फाटत येतं, कधी त्वचेलाही इजा होते. बसवताना फायद्याची वाटणारी पकड काढताना जड जाते. सल्ला घेताना ‘हे काढावं लागलं तर कसं काढणार?’ हे जरूर विचारा.

दात्याच्या बरगडीचं कार्टिलेज?

प्रक्रिया करून जंतुरहित केलेलं दात्याचं कार्टिलेज मिळतं. स्वतःच्या छातीवर छेद नको असणाऱ्यांसाठी किंवा कार्टिलेज फार कठीण झालेल्यांसाठी तो पर्याय आहे. त्याचं विरघळणं आणि वाकणं याबद्दल अभ्यासांतले निष्कर्ष एकसारखे नाहीत. ते कुठल्या ऊतकपेढीतून येतं आणि त्याची कागदपत्रं दाखवता येतील का, ते विचारा.

ऑपरेशनऐवजी फिलर घेतलं तर?

छोटासा खळगा भरायला किंवा उंचवट्याच्या वरखाली भरून दांडा सरळ दिसायला हायलुरोनिक अॅसिडचं फिलर (सुईने टोचून भरायचं जेल) उपयोगी पडतं. ते काही महिन्यांपासून दीड-दोन वर्षांपर्यंत टिकतं. त्याने नाक लहान होत नाही आणि श्वासही सुधारत नाही.

पण ‘पंधरा मिनिटांचं काम’ असं ऐकून कुणी ब्यूटी पार्लरमध्ये ते घेत असेल, तर कळकळीने सांगते, थांबा. नाकावरच्या रक्तवाहिन्या डोळ्याकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांशी जोडलेल्या असतात. फिलर चुकून वाहिनीत गेलं आणि दाबाने मागे सरकलं, तर डोळ्याच्या पडद्याचा रक्तपुरवठा बंद होऊन कायमचं अंधत्व येऊ शकतं. हे क्वचित घडतं, पण नाक हा चेहऱ्यावरच्या सर्वाधिक जोखमीच्या जागांपैकी एक आहे. फिलर देणाऱ्याकडे ते विरघळवणारं हायलुरोनिडेज हाताशी असलंच पाहिजे. टोचल्यावर तीव्र वेदना, त्वचा पांढरीफटक पडणं, जांभळी जाळी उमटणं किंवा नजरेत फरक पडणं, यांतलं काहीही झालं तर एक मिनिटही वाट पाहायची नाही.

कायमस्वरूपी फिलर किंवा द्रव सिलिकॉन नाकात घेऊच नका. आधी फिलर घेतलेलं असेल तर ते सर्जनपासून लपवू नका.

मग माझ्या नाकाला कोणतं साहित्य योग्य?

ते तुमची त्वचा, पडदा आणि अपेक्षा यांवर ठरतं. त्यात त्वचेकडे लोक सर्वांत कमी लक्ष देतात. जाड त्वचेखाली कितीही रेखीव शेंडा घडवला तरी तो जाड रजईखालच्या वस्तूसारखा बोथटच दिसतो. तिथे मजबूत चौकट लागते आणि अपेक्षाही जरा आवरावी लागते. पातळ त्वचेत उलट: काम रेखीव दिसतं, पण मिलिमीटरभर खाचही दिसते. तिथे इम्प्लांटची जोखीम वाढते.

माझा कल स्वतःच्या कार्टिलेजकडे आहे. ते जिवंत ऊतकात सामावतं, त्याला जंतुसंसर्ग कमी होतो आणि वीस वर्षांनी बाहेर येण्याची धास्ती नसते. तरीही एकाच साहित्याचा आग्रह धरणाऱ्या सर्जनपासून सावध राहा, मग ते साहित्य माझ्या आवडीचं का असेना.

सर्जन प्लास्टिक सर्जन असावा की कान-नाक-घसा तज्ज्ञ?

दोन्ही चालतात. नाकाचं बाहेरचं रूप आणि आतला श्वासमार्ग या दोन्हींचं रीतसर प्रशिक्षण आणि नियमित सराव हवा. ‘कॉस्मेटिक सर्जन’ ही पाटी पदवी सांगत नाही. मूळ पदव्युत्तर शिक्षण कशात झालं आहे आणि वैद्यकीय परिषदेकडे नोंदणी कशाची आहे, ते तपासा. ही माहिती विचारण्यात उद्धटपणा काहीच नाही.

‘वर्षाला किती नाकं करता?’ याइतकाच महत्त्वाचा प्रश्न म्हणजे ‘दुसऱ्यांनी बिघडवलेली नाकं दुरुस्त करता का?’ दुरुस्ती करणाऱ्याला काय काय बिघडतं ते रोज दिसत असतं. पहिल्या ऑपरेशनच्या वेळी त्याचा हात त्यामुळे जपून चालतो.

आधीचे-नंतरचे फोटो कसे पाहायचे?

सावकाश. सर्वांत आधी फोटो किती काळानंतरचा आहे ते विचारा. सहा आठवड्यांनंतरच्या फोटोत सूज असते आणि सूज बऱ्याच उणिवा झाकते. किमान एक वर्षानंतरचे फोटो मागा. मग प्रकाश पाहा: आधीच्या फोटोत वरून कडक उजेड आणि नंतरच्यात समोरून मऊ उजेड, मेकअप आणि हसू असेल तर तुलनेला अर्थ नाही. मान तेवढीच वर आहे का? हनुवटी किंचित खाली घेतली की नाक लांब दिसतं, उचलली की छोटं.

समोरचा, दोन्ही बाजूंचे, तिरके आणि खालून नाकपुड्या दिसतील असा, सगळे कोन मागा. खालून काढलेला फोटो फार बोलका असतो. नाकपुड्या सारख्या नाहीत, बाजूच्या भिंती आत ओढल्या गेल्यात, नाकपुड्यांमधल्या खांबावरचा व्रण ठळक आहे, हे सगळं तिथे दिसतं. आणि तुमच्यासारखं नाक शोधा. तुमचं नाक बसकं आणि त्वचा जाड असेल, तर उंचवटा घासलेल्या पातळ त्वचेच्या दहा नाकांवरून तुम्हाला काहीच कळणार नाही.

पहिल्या भेटीत काय विचारावं?

ऑपरेशन तुम्ही स्वतः करणार ना, सुरुवातीपासून शेवटपर्यंत? भूल कोण देणार, आणि तो भूलतज्ज्ञ पूर्ण वेळ थांबणार का? कोणतं साहित्य, कुठून घेणार, आणि ऐनवेळी ते कमी पडलं तर काय? शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. पडद्यातलं कार्टिलेज अपुरं निघालं तर सर्जन कान वापरणार, बरगडी वापरणार की इम्प्लांट, याला तुमची संमती आधीच लेखी घेतलेली असावी. शुद्धीवर आल्यावर कळता कामा नये.

दुसऱ्यांदा ऑपरेशन लागलं तर खर्च कसा ठरतो, हेही लेखी घ्या.

आणि सर्जनने नाकात दिवा घालून आत पाहिलं का, श्वासाबद्दल विचारलं का, याकडे लक्ष ठेवा. फक्त बाहेरून नाक पाहून तारीख देणाऱ्याकडून उठून यावं. भेटीतला बहुतेक वेळ समन्वयकाबरोबर आणि सर्जनबरोबर पाच मिनिटं, असं झालं तरीही तेच.

कॉम्प्युटरवर दाखवलेलं नाक तसंच मिळेल का?

नाही. ते चित्र संवादासाठी असतं. तुम्हाला ‘थोडं छोटं’ म्हणजे किती, हे सर्जनला कळतं आणि त्याला काय शक्य वाटतं ते तुम्हाला. एखाद्या नटीचं चाफेकळी नाक फोटोत दाखवायला हरकत नाही, पण ते तुमच्या चेहऱ्यावर का शोभणार नाही हे सांगणारा सर्जन प्रामाणिक समजावा.

कुणी ऑपरेशन करू नये?

चेहऱ्याची वाढ पूर्ण न झालेल्या मुलांनी थांबावं. मुलींमध्ये साधारण १५-१६ आणि मुलांमध्ये १७-१८ वर्षांनंतर विचार करतात. दुसऱ्या कुणाच्या टोमण्यांमुळे किंवा लग्न जमावं म्हणून घाईने येणाऱ्यांनीही थोडं थांबावं.

काहींच्या मनात इतरांना जेमतेम दिसणारी उणीव घर करून बसते. दिवसातले तासन् तास आरशासमोर जातात, बाहेर पडणं टळतं. या त्रासाला वैद्यकीय नाव आहे, उपचार आहेत, आणि ते उपचार मानसोपचारतज्ज्ञाकडे आहेत. नाक बदलून तो त्रास सहसा जात नाही, दुसऱ्या अवयवावर सरकतो. सर्जनने तिकडे पाठवलं तर तो अपमान समजू नका.

ओपन की क्लोज्ड?

ओपनमध्ये दोन नाकपुड्यांमधल्या खांबावर छोटा छेद असतो, क्लोज्डमध्ये सगळे छेद आतून. ओपनमध्ये सर्जनला सगळं नीट दिसतं, क्लोज्डमध्ये बाहेरचा व्रण नसतो. सर्जनचा हात ज्यात बसला आहे आणि तुमच्या नाकाला जे लागतं, ते निवडावं.

ऑपरेशनपूर्वी काय तयारी करावी?

सिगारेट, तंबाखू, व्हेप किमान ४ आठवडे आधी बंद आणि नंतरही तेवढेच दिवस. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि शेंड्याच्या त्वचेचा रक्तपुरवठा तुटू शकतो. अॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, ई जीवनसत्त्व, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल यांनी रक्तस्राव वाढतो, त्या साधारण दोन आठवडे आधी थांबवायला सांगतात. मात्र हृदयासाठी चालू असलेलं अॅस्पिरिन स्वतःच्या मनाने बंद करू नका. मुरमांसाठी आयसोट्रेटिनोइन घेत असाल तर तेही सांगा.

पहिला आठवडा कसा जातो?

दुखण्यापेक्षा नाक चोंदल्याचा त्रास जास्त होतो. तोंडाने श्वास घेऊन घसा आणि ओठ कोरडे पडतात. पहिल्या दिवशी गिळलेल्या रक्तामुळे एखादी काळपट उलटी होऊ शकते. डोळ्यांखालचं काळंनिळं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त दिसतं आणि दहा ते चौदा दिवसांत पिवळं पडत जातं. डोकं ३० ते ४५ अंश उंच ठेवून झोपा. पहिले ४८ तास गालांवर आणि डोळ्यांभोवती थंड शेक द्या, नाकावर नको. सांगितल्याप्रमाणे सलाइनचा फवारा मारा. नाक शिंकरू नका, शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून द्या. घरातल्या घरात चालणं मात्र पहिल्या दिवसापासून.

साधारण सातव्या दिवशी प्लास्टर निघतं. सर्जन किंवा नर्स चिकटपट्टी ओली करून वरच्या टोकाकडून हळूहळू सोडवतात. खालची त्वचा तेलकट, सालपटलेली असते, शेंडा वर खेचलेला, दांडा रुंद. आरशात पाहून बरेच जण गप्प होतात, काहींना रडू येतं. ते नाक अंतिम नाही. त्या दिवशी कुणीतरी जवळचं सोबत असू द्या आणि फोटो काढून दहा जणांना पाठवू नका.

चष्मा, व्यायाम, प्रवास?

चष्मा ४ ते ६ आठवडे नाकावर टेकवू नका, कपाळाला चिकटपट्टीने टांगता येतो. विमानप्रवास सर्जनला विचारून, बहुधा एक-दोन आठवड्यांनी. जोरकस व्यायाम ४ ते ६ आठवड्यांनी, चेंडू किंवा कोपर लागेल असे खेळ तीन महिन्यांनी किंवा त्याहून उशिरा. उन्हात टोपी आणि सनस्क्रीन वर्षभर.

सूज कधी उतरेल?

मोठी सूज पहिल्या महिन्यात उतरते. उरलेली शेंड्यात रेंगाळते, एक वर्षापर्यंत, आणि जाड त्वचेत दीड-दोन वर्षांपर्यंत. सकाळी नाक जाड आणि संध्याकाळी बारीक दिसणं, एक बाजू आधी उतरणं, शेंडा बधिर आणि ताठ वाटणं, हसताना वरचा ओठ अडखळणं, हे सगळं सुरुवातीच्या महिन्यांत चालतं. काहींना सर्जन रात्री पट्टी लावायला सांगतात, क्वचित स्टेरॉइडचं बारीक इंजेक्शन देतात. मसाज मात्र सांगितल्याशिवाय करू नका.

कोणत्या लक्षणांवर लगेच फोन करावा?

न थांबणारा रक्तस्राव, ताप, वाढत जाणारी लाली आणि ठणका, पू, शेंड्याची त्वचा पांढरी किंवा काळी-निळी पडणं, नजरेत फरक, पोटरी दुखून धाप लागणं, पुढे वाकल्यावर एका नाकपुडीतून पाण्यासारखं सतत गळणं. नाक अचानक दोन्हीकडून बंद होऊन आत ताणलेली, दुखरी सूज आली तर पडद्यात रक्त साठलेलं असू शकतं. ते त्याच दिवशी काढावं लागतं, नाहीतर कार्टिलेज मरतं आणि दांडा खचतो. इम्प्लांट असलेल्यांनी शेंडा लाल किंवा चमकदार दिसू लागला, तर ऑपरेशनला दहा वर्षं झाली असली तरी दाखवून यावं. त्वचा फाटण्यापूर्वी इम्प्लांट काढलं तर पुढची दुरुस्ती खूप सोपी जाते.

नाक आवडलं नाही तर दुसरं ऑपरेशन कधी?

सहसा किमान १२ महिन्यांनी. अभ्यासांत दुसऱ्या ऑपरेशनचं प्रमाण साधारण ५ ते १५ टक्के आढळतं, म्हणजे चांगल्या सर्जनच्या हातूनही ही वेळ येते. जखमेतली आतली वणाची गाठ मऊ होईपर्यंत पुन्हा हात घातला, तर सुधारण्याऐवजी बिघडतं. जंतुसंसर्ग झालेलं इम्प्लांट किंवा पूर्ण अडलेला श्वास असेल तर गोष्ट वेगळी, तिथे थांबत नाहीत.

आधी मूळ सर्जनकडेच जा आणि काय खटकतं ते फोटोवर बोट ठेवून सांगा. मग दुसरं मत घ्या. दोन्हीकडे जाताना पहिल्या ऑपरेशनची नोंद सोबत न्या: कोणतं कार्टिलेज कुठून घेतलं, काय कुठे बसवलं, इम्प्लांट असेल तर त्याचं नाव आणि आकार. ही नोंद ऑपरेशननंतर घरी जातानाच मागून घ्या. पाच वर्षांनी ती मिळवणं फार अवघड जातं, आणि ती नसेल तर पुढच्या सर्जनला नाक उघडल्यावरच कळतं की आत काय आहे.